महाबळेश्वरचे बारा महिने



महाबळेश्वर हें नांव उच्चारलें कीं आपल्यापैकीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें. वैशाखाचा वणवा चुकवून वर आलेलीं शहरांतलीं माणसें, लाल मातीच्या वाटा, वेण्णा तलावावरील नौका, घोड्यावर बसलेलीं मुलें, आणि सूर्य कोंकणाच्या बाजूस बुडत असतां मुंबई पॉइंटच्या कठड्याशीं झालेली दाटी. हें चित्र खोटें नाहीं; परंतु तें अपुरें आहे. पाहुण्यानें दिवाणखाना पाहावा आणि घर पाहिलें असें म्हणावें, त्यांतलाच हा प्रकार होय. ज्या चार महिन्यांत या डोंगराचें खरें आयुष्य घडतें, त्या चार महिन्यांत बहुतेक पाहुणे तेथें नसतात, आणि आले तरी एखाद्या रात्रीपुरते येतात. शिक्षक म्हणून या डोंगरावर मीं अनेक पावसाळे काढले आहेत. म्हणून त्या न पाहिलेल्या महिन्यांविषयीं, आणि त्यांच्यामुळें उरलेल्या आठ महिन्यांना जें रूप येतें त्याविषयीं, आज आपल्याशीं चार शब्द बोलण्याचें मीं योजिलें आहे.

माझें म्हणणें थोडक्यांत असें आहे. महाबळेश्वर हें थंड हवेचें ठिकाण म्हणून प्रसिद्ध असलें, तरी मूलतः तें पावसाचें ठिकाण आहे. तेथील घर, शेत, झाड, बाजार, वाट आणि संकट या साऱ्यांना आकार दिला आहे तो पावसानें. हें ज्याला उमगलें, त्याला तेथील हवाही अधिक कळेल आणि त्याची सहलही अधिक सुखाची होईल.

मग ‘थंड हवेचें ठिकाण’ ही पदवी या गांवाला मिळाली कशी? १८२४ सालीं लॉडविक नांवाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी या पठारावर चढून आला. पुढें १८२८ सालीं मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं येथें वसाहत करण्याचें मनावर घेतलें, आणि साताऱ्याचे छत्रपति प्रतापसिंह महाराज यांच्याशीं बोलणें करून ही जागा मिळविली. नव्या पेठेला माल्कमपेठ असें नांव पडलें. तेव्हांपासून उन्हाळा आला कीं मुंबईचे अधिकारी वर येत आणि पावसाचीं चिन्हें दिसूं लागतांच खालीं उतरत. म्हणजे ज्यांनीं या गांवाची कीर्ति दूरवर पसरविली, ते सारे पाऊस सुरू होण्यापूर्वीं निघून जाणारे होते! त्यांनीं जें अनुभवलें तेंच त्यांनीं लिहिलें, आणि आपणही तेंच वाचीत आलों.

आपल्या पूर्वजांनीं मात्र या डोंगराला ओळखलें तें पाण्यावरून. माल्कमपेठ वसण्याच्या कितीतरी आधींपासून क्षेत्र महाबळेश्वर हें तीर्थ प्रसिद्ध आहे. तेथील पंचगंगेच्या मंदिरांत कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पांच नद्यांचा उगम एकत्र मानलेला आहे. एकाच माथ्यावर पडलेल्या पावसाचे थेंब येथें वेगळे होतात. पश्चिमेकडे घरंगळलेला थेंब सावित्रीच्या प्रवाहांतून अरबी समुद्रास मिळतो. पूर्वेकडे वळलेला थेंब कृष्णेच्या पाण्यांत मिसळून सुमारें १,४०० किलोमीटर चालतो आणि पूर्व समुद्रास जातो. दोन थेंबांतील अंतर आरंभीं हातभर असावें आणि शेवटीं सबंध दक्षिण भारताच्या रुंदीएवढें व्हावें, हें नवल या डोंगरावर दर पावसाळ्यांत घडत असतें.

आतां एवढा पाऊस येथेंच कां पडतो, तें पाहूं. यासाठीं आपणांस आर्थर सीट या टोकावर जावें लागेल. तेथें कड्याच्या कांठीं उभें राहून एखादें वाळलेलें पान खालीं सोडलें, तर पुष्कळदां तें दरींत न पडतां वर उडून पुनः आपल्याकडे येतें. प्रवाशांना याची मोठी मौज वाटते. परंतु ही मौज म्हणजे निसर्गानें मांडलेला एक उत्कृष्ट धडा आहे. समुद्रावरून आलेला वारा कोंकणची अरुंद पट्टी ओलांडून सह्याद्रीच्या भिंतीवर आदळतो. पुढें जाण्यास वाट नाहीं, म्हणून तो कड्याच्या अंगानें वर चढूं लागतो. जो वारा पान परत आणून देतो, तोच वारा आषाढांत समुद्राची वाफ घेऊन येतो. वर चढतां चढतां हवा थंड होते, थंड हवेंत वाफ सामावत नाहीं, आणि जें ओझें समुद्रावरून वाहून आणलें तें तिला डोंगराच्या माथ्यावर टाकून द्यावें लागतें.

या ओझ्याचें मोजमापच पाहा ना. शहराची उंची समुद्रसपाटीपासून सुमारें १,३५० मीटर आहे. विल्सन पॉइंट हें सर्वांत उंच ठिकाण सुमारें १,४४० मीटरांवर आहे. येथें वर्षाकाठीं सामान्यतः ५,५०० ते ६,००० मिलिमीटर पाऊस पडतो. आंकडा ऐकून समज पडत नाहीं. म्हणून असें समजा कीं, पडलेलें पाणी वाहून गेलें नाहीं, जमिनींत मुरलें नाहीं आणि उडालेंही नाहीं, तर वर्षअखेर गांवांत जवळजवळ २० फूट पाणी उभें राहील! दुमजली घर त्यांत बुडून जाईल. आणि या पावसाचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत पडतो.

याहूनही विस्मयाची गोष्ट पूर्वेस उतरतांना दिसते. महाबळेश्वरापासून पांचगणी अवघ्या १९ किलोमीटरांवर आहे. परंतु तेथें पाऊस पडतो तो सुमारें तिसऱ्या हिश्श्याएवढा. पसरणीचा घाट उतरून वाईस पोंचलें कीं तो जवळपास पुण्याच्या पावसाच्या बरोबरीस येतो. डोंगर ओलांडून उतरणारी हवा रिकाम्या हातानें येते, त्याला ती काय करणार? श्रावणांत सकाळीं धुक्यांत हात पुढें करून चाचपडत निघालेला मनुष्य तासाभरांत कोरड्या रस्त्यावर आणि स्वच्छ उन्हांत येऊन उभा राहतो. एकाच तासांत दोन देश पाहावयाचे असतील, तर यासारखा प्रवास नाहीं.

असो. आतां या पावसांत माणसें राहतात कशीं, तें सांगतों. मृग नक्षत्र लागण्यापूर्वींचा पंधरवडा म्हणजे डोंगरावरील सर्वांत धांदलीचा काळ. पाहुण्यांची शेवटची गाडी घाट उतरते न उतरते तोंच घरावर शिड्या लागतात. कौलें चाळावयाचीं, पन्हाळी साफ करावयाच्या, आणि पश्चिमेकडील भिंती झांकावयाच्या. पूर्वीं गवत बांधून केलेले जाड तट्टे भिंतींना लावीत. सारें घर जणूं घोंगडी पांघरून बसलेलें दिसे. हल्लीं पत्रे आणि प्लास्टिकचे कागद आले आहेत. परंतु हेतु तोच. येथें पाऊस वरून जितका पडतो तितकाच आडवाही येतो, आणि झोडपून काढलेली भिंत महिनोन् महिने वाळत नाहीं. सरपण माळ्यावर चढतें. तांदूळ, डाळ, मीठ, मिरची, सुकी मासळी यांची बेगमी होते. बाजारांतील कित्येक दुकानांना फळ्या लागतात, आणि ज्या रस्त्यांवर मे महिन्यांत चालावयास जागा नसते, त्या रस्त्यांवर आषाढांत दुपारीं एखादें कुत्रेंही दिसत नाहीं.

मग तो येतो. पहिले कांहीं दिवस त्याचें कौतुक वाटतें. पुढें तो घरांतील एक माणूसच होऊन बसतो. दिवसचे दिवस सूर्य दिसत नाहीं. ज्याला आपण खालून ढग म्हणतों, त्याच्या पोटांत सारें गांव असतें. दार उघडें राहिलें तर ढग ओसरींत येतो. मीठ पाझरतें, काड्यांची पेटी चुलीजवळच्या कोनाड्यांतच ठेवावी लागते, वहाणांवर पांढरी बुरशी धरते. धुतलेले कपडे वाळविण्यासाठीं निखाऱ्यांच्या शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर ते पसरतात. त्यामुळें जुलै महिन्यांत प्रत्येकाच्या अंगाला धुराचा वास येत असतो, आणि कोणासही त्याचें कांहीं वाटत नाहीं. शाळेंत खडू ओला होऊन फळ्यावर उमटेनासा होई. हजेरीपटाचीं पानें एकमेकांस चिकटत. पत्र्यावर सर कोसळूं लागली कीं शिक्षकाचा आवाज पहिल्या बाकापलीकडे जात नसे. अशा वेळीं मुलांना पाढे लिहावयास सांगून आम्ही स्वस्थ बसत असूं. तरी मुलें येत. घोंगडीची खोळ किंवा इरलें घेऊन, पाटी पोटाशीं धरून, तीन तीन मैलांवरून येत. त्या हजेरीची किंमत कोणत्याही परीक्षेंत होत नाहीं.

पेठेंत निदान डांबरी रस्ता आणि दवाखाना असतो. पठाराखालीं जीं खेडीं आणि ज्या वाड्या आहेत, त्यांचा पावसाळा अधिक कठीण. खाचरांत गुडघाभर पाण्यांत भाताची लावणी चालते. उतारावर नाचणी आणि वरी लावतात. उंचावरच्या सड्यांना धरून गवळी धनगरांच्या म्हशी आणि झोंपड्या असतात. ओढ्याला पाणी चढलें कीं पलीकडची वाडी तुटते; आणि त्याच दिवशीं कोणाला ताप भरला अथवा एखादी बाई अडली, तर चौघांनीं डोली करून तिला निसरड्या वाटेनें वर आणावें लागतें. जेथें रस्ता पोंचलेला नाहीं अथवा पोंचून पावसांत टिकत नाहीं, तेथें हें आजही घडतें. थंड हवेचा आनंद घेणाऱ्यांनीं ही डोली एकदां तरी मनांत आणावी.

भाद्रपदांत गणपति येतात ते बहुधा भिजतच येतात. आश्विनांत मात्र आकाश उघडूं लागतें, आणि महाबळेश्वरचा मला सर्वांत प्रिय असलेला काळ सुरू होतो. चार महिने प्यायलेलें पाणी डोंगर आतां हळूहळू सोडीत असतो. प्रत्येक कड्यावरून धार, प्रत्येक वळणावर झरा. झाडांचीं खोडें शेवाळानें आणि नेच्यांनीं मढलेलीं असतात, आणि त्यांवर आमरीचे वेल रोंवलेले दिसतात. जांभूळ, पिसा, अंजन हीं येथील झाडें बारा महिने हिरवीं असतात, पण उंचीनें बेताचीं राहतात. वाऱ्यानें त्यांना मान वर करूं न देतां दाट आणि गांठीदार बनविलें आहे. कारवी ही तर सात-आठ वर्षांतून एकदांच फुलते. परंतु फुलते तेव्हां उतारच्या उतार निळे-जांभळे होऊन जातात आणि मधमाश्यांना सण पडतो.

मधावरून आठवलें. या डोंगरांत मध गोळा करण्याचा व्यवसाय जुना आहे. पूर्वीं पोळीं जाळून आणि पिळून मध काढीत. पुढें पेट्यांत माश्या पाळण्याची रीत रुजली. याच तालुक्यांतील मांघर या खेड्याला २०२२ सालीं ‘मधाचें गांव’ म्हणून मान मिळाला. मध हें पीक असें आहे कीं तें घेण्यासाठीं झाड तोडावें लागत नाहीं; उलट झाड राखावें लागतें. डोंगरावर कोणता धंदा योग्य, याची याहून चांगली कसोटी मला ठाऊक नाहीं.

दुसरें पीक स्ट्रॉबेरीचें. एकोणिसाव्या शतकांत येथें चिनी आणि मलायी कैद्यांचा एक तुरुंग होता. त्या कैद्यांनीं भाजीपाल्याची लागवड कसोशीनें केल्याचें सांगतात. पुढें बटाटे, गाजर आणि स्ट्रॉबेरी यांनीं येथील शेतांत ठाण मांडलें. पावसाचा जोर ओसरला कीं सप्टेंबर-ऑक्टोबरांत उंच वाफ्यांवर रोपें लावतात, आणि नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत फळ चालतें. आपल्या देशांतील बहुतांश स्ट्रॉबेरी याच परिसरांत पिकते, आणि २०१० सालीं तिला या स्थळाच्या नांवाचें अधिकृत भौगोलिक मानांकनही मिळालें. वाटेवरचें भिलार हें असेंच स्ट्रॉबेरीचें गांव. २०१७ सालापासून तें ‘पुस्तकांचें गांव’ झालें आहे. तेथील घरांच्या ओसऱ्यांत मराठी पुस्तकें मांडलेलीं असतात आणि कोणीही वाटसरूनें बसून वाचावीं अशी सोय आहे. आपण कुटुंबासह जाल तेव्हां एक दुपार तेथें अवश्य घालवावी. एक तर पुस्तकांना भाडें नाहीं, आणि दुसरें असें कीं मुलें घोड्यावरून उतरल्यावर त्यांना कोठेंतरी बसवावयाचें असतेंच.

डिसेंबर-जानेवारीचे दिवस आले कीं वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास येते: महाबळेश्वरांत दंव गोठलें. ही बातमी पेठेंतली नसते. ती असते वेण्णा तलावाच्या आणि लिंगमळ्याच्या परिसरांतली. याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. आकाश निरभ्र आणि वारा निपचित असलेल्या रात्रीं जमीन आपली उष्णता झपाट्यानें गमावते. तिला लागून असलेली हवा थंड होते, आणि थंड हवा जड असल्यामुळें पाण्यासारखी उतारावरून वाहत जाऊन सखल भागांत साचते. म्हणून पेठेंत थंडी बेताची असतां दीड-दोन मैलांवर तलावाकांठीं गवतावर, नौकांच्या धक्क्यावर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरे कण दिसतात. उंचावर थंडी अधिक असावी, या आपल्या समजुतीच्या अगदीं उलट हा प्रकार. तो पाहावयाचा असेल तर सूर्योदयापूर्वींच जावें. ऊन वर आलें कीं पांच मिनिटांत सारें पाणी होऊन जातें. पाहुण्यांना त्याचें कौतुक. शेतकरी मात्र कोंवळीं फुलें करपलीं काय, हें पाहत वाफ्यांतून फिरत असतो.

हा तलाव १८४२ सालीं साताऱ्याच्या छत्रपतींनीं बांधविला, आणि नौकाविहारापेक्षां पाणीपुरवठा हाच त्याचा मुख्य हेतु होता. या गोष्टीचें मर्म आपणांस उन्हाळ्यांत कळेल. ज्या डोंगरावर वीस फूट पाऊस पडतो, त्याच डोंगराच्या कुशींतील कित्येक वाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत पिण्याच्या पाण्यासाठीं वणवण करावी लागते! हें ऐकून शहरांतील मनुष्य चकित होतो. परंतु यांत गूढ कांहींच नाहीं. पठाराच्या माथ्यावर जांभ्या दगडाचा थर आहे. तो सच्छिद्र असल्यामुळें पाणी पितो, आणि खालच्या काळ्या कातळाशीं जेथें त्याचा सांधा आहे तेथें तें झऱ्याच्या रूपानें सोडतो. माथ्यावर झाडी आणि गवत असलें, तर पाणी मुरावयास सवड मिळते. माथा उघडा झाला, अथवा त्यावर इमारती आणि फरसबंद अंगणें उठलीं, कीं तेंच पाणी घाईघाईनें दरींत धांवतें. आणि माघ सरतां सरतां झरे बारीक होतात. पाऊस पुष्कळ असणें निराळें आणि पाणी पुष्कळ असणें निराळें. पहिलें ईश्वराच्या हातीं आहे. दुसरें बरेंचसें आपल्या हातीं आहे.

पाणी खालीं जातें, आणि त्याच्या पाठोपाठ माणसेंही जातात. कोयनेच्या खोऱ्यांतील कित्येक घरें धरणाच्या जलाशयाखालीं गेलीं; जीं उरलीं त्यांतील तरुण मंडळी मुंबईस माथाडी कामावर, गिरण्यांत, हॉटेलांत पोट भरावयास गेली. गांवांत म्हातारीं माणसें राहतात, आणि गणपतीस व जत्रेस वाडे पुनः गजबजतात. डोंगरावर मुरणारें पाणी आणि डोंगरावर टिकणारें माणूस या दोन गोष्टी परस्परांवर अवलंबून आहेत. राखणारा नसेल तर झरा टिकत नाहीं. आणि झरा आटला तर राखणारा तरी कशाच्या बळावर राहील?

केंद्र सरकारनें २००१ सालीं महाबळेश्वर-पांचगणीचा प्रदेश पर्यावरणाच्या दृष्टीनें संवेदनशील म्हणून जाहीर केला, तो याच कारणासाठीं. तेथें इमारत बांधण्यावर, झाड तोडण्यावर, डोंगर खोदण्यावर बंधनें आहेत. या बंधनांमुळें स्थानिक कुटुंबांची अडचण होते, हेंही खरें आहे. ज्याच्या घरांत मुलगे वाढले त्याला एक खोली वाढवावयाची असते, आणि परवानगीसाठीं त्याला हेलपाटे घालावे लागतात. त्याची ही तक्रार ऐकून घेतलीच पाहिजे. परंतु डोंगराचें म्हणणेंही ऐकून घेतलें पाहिजे, आणि डोंगर आपलें म्हणणें अर्ज करून मांडीत नाहीं.

तें त्यानें कसें मांडलें, तें २०२१ सालच्या जुलै महिन्यांत आपण पाहिलें. २३ जुलै रोजीं सकाळीं संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरीं ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पुण्यास सबंध वर्षांत जो पाऊस पडतो, त्याच्या सुमारें चार पंचमांश हा एका दिवसाचा पाऊस! त्याच सुमारास, २२ जुलै रोजीं, सह्याद्रीच्या पायथ्याशीं महाड तालुक्यांतील तळिये या गांवावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसें गेलीं. सातारा जिल्ह्यांत पाटण तालुक्यांतही वाड्यांवर दरडी आल्या, आणि महाबळेश्वराहून पोलादपुरास उतरणारा आंबेनळी घाट ठिकठिकाणीं तुटला. एवढा पाऊस एकाएकीं कोसळला तर कोणताही उतार धोक्यांत येतो, हें कबूल; परंतु जेथें उताराचा पाय खणलेला असतो आणि पाण्याची नैसर्गिक वाट बुजविलेली असते, तेथें हा धोका अनेकपट वाढतो. पावसाला दोष देऊन आपली सुटका होत नाहीं. तो तर हजारों वर्षें येथें येत आहे.

आतां शेवटीं, सहलीस जाणाऱ्यांसाठीं दोन गोष्टी सांगून माझें भाषण आटोपतें घेतों. शाळामास्तराला उपदेशाची संवय असते, तेवढी आपण सहन करावी.

पहिली गोष्ट, हवा पाहून निघावें. हल्लीं हवामान विभागाचे पिवळे, नारिंगी आणि लाल इशारे घरबसल्या कळतात. लाल इशारा असेल त्या दिवशीं घाट चढूं नये. वर पोंचल्यावर तेथील घोडेवाल्यास अथवा चहावाल्यास विचारावें. धुकें केव्हां उतरणार हें तो वाऱ्याच्या वासावरून सांगतो, आणि बहुधा बरोबर सांगतो. पावसाळ्यांत कड्याच्या कांठावरील गवत आणि शेवाळलेला जांभा हे दोन्ही विश्वासघातकी असतात. कठडा असेल तेथें कठड्याच्या अलीकडेच राहावें. ओढ्यांत उतरतांना डोक्यावर पाऊस नाहीं एवढें पाहून भागत नाहीं; वर कोठें तरी पडलेली सर क्षणार्धांत लोंढा होऊन येते.

दुसरी गोष्ट, निदान एक दिवस पायीं हिंडावें. सकाळीं विल्सन पॉइंटवर उगवता सूर्य पाहावा, क्षेत्र महाबळेश्वरीं कृष्णेच्या उगमाचें पाणी ओंजळींत घ्यावें, आणि तेथून जंगलांतल्या रस्त्यानें आर्थर सीटकडे चालत जावें. एक दिवस प्रतापगडासाठीं राखून ठेवावा. १६५६ सालीं बांधलेल्या या गडाच्या तटावरून जावळीचें खोरें न्याहाळलें, म्हणजे १० नोव्हेंबर १६५९ रोजीं अफजलखानाची एवढी मोठी फौज या रानांत कां अडकून पडली, तें पुस्तकाशिवाय कळतें. तें रान पावसानें वाढविलें होतें. शिवरायांनीं त्याची किंमत ओळखली होती. येतांना आपलीं बाटल्या-कागदें आपल्या पिशवींत घालून परत आणावीं, आणि वानरांना खाऊ घालण्याचें पुण्य टाळावें. त्यांचें अन्न झाडावर आहे.

आणि ज्यांना साधेल त्यांनीं एकदां तरी भर पावसांत, परंतु इशाऱ्याचे दिवस टाळून, दोन-तीन रात्री एखाद्या स्थानिक कुटुंबाच्या घरीं काढाव्या. कांहीं पाहावयास मिळणार नाहीं. सारे ‘पॉइंट’ ढगांत बुडालेले असतील. चुलीपाशीं बसून नाचणीची गरम भाकरी खावी आणि कौलांवरचा आवाज ऐकावा. तो आवाज म्हणजे कृष्णाकांठच्या उसाचें, कोयनेच्या विजेचें आणि खालच्या कित्येक गांवांच्या नळांचें पाणी येत असल्याची वर्दी होय. आपण मैदानांत राहणारे लोक त्या पाण्यावर वर्षभर जगतों. आणि तें आपल्यापर्यंत यावें म्हणून डोंगरावर कांहीं हजार माणसें चार महिने ओल्या भिंतींच्या आंत राहत असतात. त्यांची ओळख करून घेणें ही सहलींतली सर्वांत मोठी कमाई आहे, असें मला वाटतें.